सहा चकत्या आणि एक कुऱ्हाड

मच्याडोनं बाटलीतलं उरलंसुरलं पाणी शिळेवर ओतलं आणि तळव्यानं पसरलं. अंगण सारवताना फिरतो तसा त्याचा हात अर्धगोल फिरत होता.

"अरे, प्यायला ठेव थोडं," मी म्हटलं.

"जाताना सोडा पिऊ. आता तू बघ."

ऑक्टोबर संपत आलेला, साडेपाच वाजून गेलेले. पडक्या भिंतीवरून ऊन तिरकं खाली येत होतं. दुपारी याच कोरड्या दगडावर नुसते ओरखडे दिसले होते. आता त्या ओरखड्यांना कडा आल्या. आधी एक ढाल दिसली. शाळेच्या बिल्ल्यासारखी, खालून गोल, पण जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर शिरस्त्राण, आत डोकं नसलेला नुसता लोखंडी टोप. टोपामागून दोन्ही बाजूंना वेलबुट्टीसारखं काहीतरी फाटत फाटत खाली उतरलेलं. ढालीच्या आत एक उभी पट्टी, तिला छेदणाऱ्या दोन आडव्या, आणि त्यांनी पाडलेल्या सहा खणांत सहा चकत्या.

"कॅरमच्या सोंगट्या," मच्याडो म्हणाला.

आम्ही दोघं वसईचे. शाळेत एका बाकावर होतो. किल्ल्यात आम्ही लहानपणी इतक्यांदा आलो आहोत की किल्ला बघायला म्हणून कधी आलोच नाही. क्रिकेट खेळायला यायचो, कैऱ्या पाडायला यायचो, शाळेची सहल म्हणून यायचो आणि वैतागायचो, कारण सहल म्हणजे कुठंतरी लांब जायला हवं. डबे उघडून बसायला या शिळा उत्तम, पावसाळा सोडला तर थंडगार आणि सपाट. आपण कोणाच्या तरी छातीवर बसून बटाट्याची भाजी खातोय हे तेव्हा ध्यानात आलं नाही. आता मच्याडोच्या मुलीला शाळेतून किल्ल्यावर प्रकल्प करायचा आहे, म्हणून फोटो काढायला बाप आला आणि सोबतीला मी.

हे फ्रान्सिस्कन पंथीयांचं देऊळ. मच्याडोची आजी चर्चला देऊळच म्हणायची, तोच शब्द माझ्या तोंडात बसलाय. सोळाव्या शतकाच्या मध्याला ते उभं राहिलं. छप्पर केव्हाच गेलंय, उंच कमानी तेवढ्या राहिल्यात, आणि खालची जमीन थडग्यांच्या शिळांनी फरसबंद आहे. काही अखंड, काहींचे दोन तुकडे झालेले, काहींवर गवत. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. या दोनशे पाच वर्षांत इथं जे मोठे म्हणून मेले, त्यातले बरेच आमच्या पायाखाली होते.

मोठे म्हणजे किती मोठे? वसईला पोर्तुगीज अमदानीत उमरावांचं गाव म्हणूनच नाव होतं. उत्तरेकडच्या मुलखाचा सेनापती इथं राहायचा. आजूबाजूची भाताची, उसाची, केळीची गावं या उमरावांना लावून दिलेली असत. त्या गावांचं उत्पन्न खायचं, तटाच्या आत दुमजली घर बांधायचं, नावाआधी 'दों' लावायचा आणि मेल्यावर देवळात जागा मिळवायची. वेदीच्या जितकं जवळ, तितका मान मोठा. आपल्याकडे पंगतीत पाट कुठं मांडला यावरून माणसाची पत कळायची, तसंच हे. फक्त या पंगतीतून उठायचं नाही.

आणि शिळेवर ढाल. ती नसती तर हा लेख लिहायचं मला कारण नव्हतं.

त्या सहा चकत्यांचं कोडं सोडवायला मला घरी येऊन तीन रात्री लागल्या. युरोपातल्या या कुलचिन्हांना व्याकरण असतं, आणि ते बरंच कडक असतं. सोनं आणि चांदी हे दोन धातू; तांबडा, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. धातूवर धातू चढवायचा नाही, रंगावर रंग चढवायचा नाही. तांबड्यावर सोनेरी चालेल, तांबड्यावर निळं चालणार नाही. हा नियम दिखाऊपणासाठी केलेला नाही. मुळात ही चिन्हं रणांगणावरची. लोखंडी टोपात तोंड झाकलेला स्वार आपला की परका हे शंभर हातांवरून कळायला हवं, तर गडदवर फिकं आणि फिक्यावर गडदच लागतं. एसटीच्या पाट्या रंगवणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही.

तर दुहेरी क्रूस, त्याच्या खणांत सहा चकत्या आणि भोवती काठ, ही ढाल पोर्तुगालच्या मेलो घराण्याची. तांबड्या जमिनीवर क्रूस आणि काठ सोन्याचा, चकत्या चांदीच्या. मी खूश झालो. या देवळात मेलो घराण्याची माणसं आहेत हे पक्कं ठाऊक होतं. दोना फ्रांसिस्का द मिरांदा हिचा लेख इथलाच, सन १६०६ चा. मानुएल द मेलो परेरा याची ही बायको. या नवराबायकोनं एक उपदेवळी बांधली आणि तिथंच ती, तिची मुलगी इनेस द मेलो आणि नातू लुईस द मेलो पुरले गेले. म्हणजे जुळलं. मी मच्याडोला फोन लावणार, एवढ्यात पुढचं पान दिसलं. आल्मेडा घराणं. दुहेरी क्रूस, सहा चकत्या, भोवती काठ, तांबडी जमीन. सगळं तेच. फरक एकच, आल्मेडांच्या चकत्या सोन्याच्या.

दगडावर सोनं आणि चांदी सारखीच दिसते. काळी.

पुढं सतराव्या शतकात छापखानेवाल्यांनी यावर एक युक्ती काढली. ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी, उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा. पण माझ्या या शिळेच्या पाथरवटाला त्या युक्तीशी घेणंदेणं नसावं. त्याच्या चकत्या गुळगुळीत आहेत. की कोऱ्या म्हणजे चांदीच्या? की ठिपके होते आणि पावसानं खाल्ले? मी पुन्हा जाऊन अंगठा फिरवून आलो. अंगठ्याला चकतीचा उंचवटा लागला, बाकी काही नाही. अक्षरांच्या जागी शिळा इतकी पोपडलेली आहे की 'आकी जाझ', म्हणजे 'इथं पहुडला आहे', एवढंही सलग लागत नाही.

मच्याडोला सांगितलं तर तो हसत सुटला. "मेलो आणि आल्मेडा? आमच्या गावात एक डिमेलो आणि एक आल्मेडा शेजारी शेजारी आहेत, बांधावरून कोर्टात गेलेत. त्यांना सांगू का तुमची ढाल एकच आहे म्हणून?"

हे त्यानं बोलून दाखवलं म्हणून बरं झालं, कारण मला छळणारी गोष्ट तिथंच होती. आमच्या वर्गाचा हजेरीपट आठवून बघितला. आल्मेडा, कोरिया, कुटिन्हो, डाबरे, डिकोस्टा, डिमेलो, फोन्सेका, लोपीस, मच्याडो, परेरा, तुस्कानो. मधूनमधून पाटील, राऊत, वर्तक, नाईक. या यादीतली काही नावं लिस्बनजवळच्या सिंत्रा इथल्या राजवाड्यात छतावर रंगवलेली आहेत. मानुएल राजानं सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथं एक दालन सजवून घेतलं आणि राज्यातल्या ७२ घराण्यांच्या ढाली छतावर काढून घेतल्या. त्याआधी १५०९ मध्ये त्यानं कुलचिन्हांची एक मोठी चित्रपोथी करवून घेतली होती. हा राजा या बाबतीत फार काटेकोर. कोणी कोणतं चिन्ह वापरावं यावर नियम, नोंदी, सनदा, आणि त्यावर देखरेख करायला अधिकारी.

त्या अधिकाऱ्यांची पदनामं तर ऐकण्यासारखी आहेत. माणसाचं नाव गेलं, पदाचं नाव राहिलं, आणि पदाचं नाव मुलखाचं. तीन मुख्य अधिकारी होते: एक 'पोर्तुगाल', एक 'आल्गार्व्ह', एक 'इंडिया'. प्रत्येकाच्या हाताखाली एक भालदार आणि त्याच्याखाली एक उमेदवार. 'इंडिया'च्या हाताखालचा भालदार 'गोवा', त्याच्या खालचा 'कोचीन'. म्हणजे अंगावर राजचिन्हाचा झगा घातलेला एक गृहस्थ लिस्बनच्या दरबारात 'गोवा' या नावानं वावरत होता. यातल्या किती जणांनी गोव्याचं किंवा कोचीनचं पाणी चाखलं असेल? पण शिक्का त्यांचा. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, त्यात त्यांचं दप्तर नष्ट झालं. तोवर वसई जाऊन सोळा वर्षं झाली होती आणि आमच्या शिळा उघड्यावर पडलेल्या होत्या. कागद गेला, दगड राहिला.

या ढालींमध्ये मला सगळ्यात आवडली ती शब्दांवरची कोटी. पोर्तुगीज याला 'बोलतं चिन्ह' म्हणतात. नावच चित्रात काढायचं. काब्राल म्हटलं की दोन बकऱ्या. ब्राझीलला पोचलेला तो पेद्रू आल्वारिश काब्राल, त्याच्या ढालीवर बकऱ्या. कोएल्यु म्हणजे ससा, तर ढालीच्या काठावर ससे. कोस्ता म्हणजे लॅटिनमध्ये बरगडी, तर तांबड्यावर सहा चांदीच्या बरगड्या, खाटकाच्या दुकानात टांगाव्यात तशा. कोरिया म्हणजे वादी, तर एकमेकींत गुंतलेल्या तांबड्या वाद्या. आणि कुन्हा म्हणजे पाचर. नुनो द कुन्हा हा गव्हर्नर, ज्याच्या कारकिर्दीत वसई पोर्तुगीजांच्या पदरात पडली, त्याची ढाल सोनेरी, तिच्यावर नऊ निळ्या पाचरी. तिकडे हुमायून चालून येतोय म्हणून बहादूरशहा घायकुतीला आलेला, आणि यानं त्या फटीत नेमकी पाचर मारली. कुन्हाच्या ढालीला मराठीत जितकी शोभा आहे तितकी पोर्तुगीजमध्येही नसेल.

पुढं साडेतीनशे वर्षांनी आणखी एक कुन्हा वसईत आला. डॉक्टर गर्सन द कुन्हा, मूळचे गोव्याचे, मुंबईत दवाखाना चालवणारे. त्यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवर १८७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. या शिळांवरचे लेख आज आपल्याला वाचता येतात त्याचं बरंचसं श्रेय त्यांचं. रोगी तपासून उरलेल्या वेळात माणूस वसईच्या गवतात ओणवा होऊन अक्षरं लावत बसला असेल, हे चित्र मला फार आवडतं. त्यांच्या वेळी अक्षरं आजच्यापेक्षा दीडशे पावसाळे ताजी होती.

मच्याडोचं काय, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माशादु म्हणजे कुऱ्हाड. तांबड्या ढालीवर पाच चांदीच्या कुऱ्हाडी.

हे मी त्याला त्याच्या वाडीत सांगितलं. केळीच्या बागेत तो सुकलेली पानं कापत होता. ऐकून थांबला, हातातल्या कोयत्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आमच्यात तर कोयता आहे. कुऱ्हाड शेजाऱ्याकडून आणतो." मग जरा वेळानं, "पाच? आम्ही भाऊ चारच."

हसलो आम्ही. पण नंतर तो गप्प झाला आणि मीही. कारण त्याच्या घराण्याला ही कुऱ्हाड मिळाली ती युद्धात पराक्रम करून नव्हे. त्याचा कोणीतरी पूर्वज सोळाव्या किंवा सतराव्या शतकात पाण्याच्या कुंडापाशी उभा राहिला, पाद्रीनं कपाळावर पाणी घातलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या धर्मपित्याचं आडनाव त्याला लागलं. धर्मपिता कोणी सरदार असेल, शिपाई असेल, नाहीतर खुद्द पाद्री. आधीचं नाव काय होतं, ते काही घरांत आठवणीत आहे, बऱ्याच घरांत नाही. आडनाव दिलं गेलं. ढाल दिली गेली नाही. ती सनदेची वस्तू. तांबड्यावर पाच चांदीच्या कुऱ्हाडी हा ऐवज लिस्बनला पेटीत राहिला. इकडे नुसता शब्द आला आणि मराठी माणसांनी तो आपल्या जिभेनं घडवला: मच्याडो, डिमेलो, लोपीस. पाव, पगार, घमेलं, चावी हे शब्द आले त्याच रांगेतून.

आज वसईत ज्यांचे सातबारे आहेत ते हे मच्याडो, हे डिमेलो. ढालीवाल्यांचं इथं कोणी नाही.

सगळ्या शिळांना ढाल आहे असंही नाही, आणि ज्या शिळांपाशी मी जास्त वेळ रेंगाळलो त्या विधवांच्या आहेत. किल्ल्यात जेझुइट पंथीयांचं देऊळ आहे. आज तिथं संत गोन्सालो गार्सियाच्या नावानं उपासना होते. वसईत जन्मलेला आणि १५९७ मध्ये जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेलेला हा संत. तिथं इझाबेल द आग्यार हिचा लेख आहे, १५९१ चा: विधवा, या विद्यालयाची थोर उपकारकर्ती. आग्यार घराण्याचं चिन्ह गरुड, कारण आगिया म्हणजे गरुड, तीच कोटी. आणि दुसरा लेख फिलिपा द फोन्सेका हिचा, १६२८ चा. तीही विधवा, तीही उपकारकर्ती. पण तिच्या लेखात एक वाक्य जास्तीचं आहे: हयात असतानाच तिनं आपल्याकडे होतं नव्हतं ते सगळं या देवळाला देऊन टाकलं.

फोन्सेकांच्या ढालीवर पाच तांबडे तारे असतात, सात टोकांचे. बायकांची ढाल ढालीच्या आकाराची नसते, शंकरपाळ्यासारखी चौकट असते, कारण बाई लढाईला जात नाही असं गृहीत. फिलिपाचे तारे मला नकोतच. मला ते 'सगळं देऊन टाकलं' छळतं. काय होतं तिच्याकडे? एखादं गाव? केळीची वाडी, मिठागर? नवऱ्यामागे समुद्रापार कोणी उरलं नसेल, की उरलेल्यांशी पटत नसेल? आमच्याकडे म्हाताऱ्या बायका 'जिवंतपणी वाटण्या करू नकोस' म्हणून एकमेकींना बजावतात. फिलिपाला असं बजावणारं कोणी नव्हतं, की होतं आणि तिनं ऐकलं नाही.

मागच्या डिसेंबरात जुन्या गोव्याला गेलो तेव्हा मुद्दाम सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या देवळात तासभर काढला. सगळे पर्यटक शेजारच्या बॉम जीझस चर्चला रांग लावतात, इथं जरा निवांत असतं. आत शिरलं की मान वर जाते, कारण वर नक्षी आणि वेदीवर सोनं. मी मान खाली घालून हिंडलो. जमीनभर शिळा, आणि शिळांवर ढालीच ढाली. वसईत बघितलेल्या चिन्हांची ही सुखात राहिलेली भावंडं. छप्पर शाबूत असल्यामुळे पाऊस लागलेला नाही, झीज आहे ती पायांची. त्यामुळे तिची तऱ्हा वेगळी. वसईत सगळी शिळा सारखी पोपडते, इथं जिथून लोक चालतात तेवढा पट्टा गुळगुळीत आणि बाजूला भिंतीलगत टोपाची जाळी, सिंहाची आयाळ, पिसं, सगळं धारदार. एका ढालीचा डावा अर्धा भाग लख्ख आणि उजवा पुसलेला. लोक बरोबर तिच्या मध्यावरून वळत असणार.

पायाखाली का? हा प्रश्न मला सुरुवातीपासून आहे. आपल्याकडे अक्षराला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा, पुस्तकाला लागला तर दोनदा. आणि इथं नाव, घराणं, राजानं दिलेलं चिन्ह, सगळं जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्यानं तुडवावं म्हणून. काहींना त्यात नम्रता दिसते. मला पूर्ण पटत नाही. नम्र माणूस टोपावर पिसं कोरून घेत नाही. मला वाटतं यात हिशेब जास्त आहे. भिंतीवरचं नाव वाचायला मुद्दाम थांबावं लागतं. पायाखालचं नाव मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, आलेला प्रत्येक जण बघतो, आणि मग शेवटी कोरलेली विनंतीही वाचतो. काही लेखांच्या तळाशी चार अक्षरं असतात, आपल्या 'श्री' किंवा 'रा. रा.' सारखी संक्षिप्त: एक 'स्वर्गीय पित्या' आणि एक 'नमो मरिया' म्हणा. मेलेल्या माणसाला त्याची गरज आहे. घराणं कितीही मोठं असलं तरी ती प्रार्थना त्या दिवशी तिथून जाणाऱ्या डिमेलो, मच्याडोनंच म्हणायची.

गोव्याच्या देवळांबद्दल एक गोष्ट कळली ती वसईकर म्हणून मिरवण्यासारखी आहे. तिथला दगड जांभा. घर बांधायला उत्तम, पण सच्छिद्र, नाजूक कोरीव काम धरत नाही. म्हणून बॉम जीझससारख्या इमारतींच्या कोरीव भागांसाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे नेला. आणि वसईच्या किल्ल्याच्या सुरुवातीच्या बांधकामाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तो गार्सिया द सा पुढं गोव्याचा गव्हर्नर झाला, १५४९ मध्ये वारला आणि जुन्या गोव्यातच रोझरी मातेच्या देवळात पुरला गेला. त्याच देवळात त्याच्या बायकोचं, कातारिना हिचं स्मारक भिंतीत आहे, आणि त्याच्यावरची नक्षी चक्क गुजराती धाटणीची. कारागीर कुठल्याही दरबाराच्या नियमावलीला बांधलेला नव्हता. त्याला जे हातात बसलं होतं ते त्यानं कोरलं.

आमच्या मुलखातले पाथरवट त्याआधीही मेलेल्यांसाठी दगड घडवत होतेच. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, आमच्याच पश्चिम रेल्वेवर. त्यांच्यावर गलबतं आहेत, वल्ही मारणारे आहेत, आणि वरच्या पट्ट्यात मेलेला वीर देवापाशी पोचलेला. वीरगळात माणूस काय करत मेला ते दिसतं, तो कोणाचा कोण हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. पोर्तुगीज शिळेवर उलट. कोणाचा कोण ते खणाखणांतून सांगितलेलं, बापाकडून काय आलं, आईकडून काय आलं, त्यांच्याकडे आईकडचं चिन्हही चालायचं. पण माणूस बुडून मेला, तापानं मेला की म्हातारपणानं, पत्ता नाही. मला विचाराल तर मला वीरगळ जवळचा. पण कुळाच्या चिन्हाशी आपलं नातं नाही असंही नाही. आमच्या घरी लग्नात देवक बसतं, पंचपल्लव. आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ यांच्या डहाळ्या आणून देवापुढं ठेवायच्या. तेही कुळाचंच चिन्ह. फक्त ते कोणी दगडावर कोरत नाही. दोन दिवसांत वाळून जातं आणि निर्माल्यात जातं. पुढच्या लग्नाला पुन्हा झाडावरून आणायचं.

१७३९ नंतर वसईच्या देवळांतल्या घंटा निघाल्या आणि घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची, वाईजवळ मेणवलीची १७०७ ची. भाविक त्या अजूनही बघायला जातात. घंटेवर क्रूस असला तरी तिचा आवाज कोणत्याही देवाला चालतो. शिळेला आवाज नाही, वजन नको इतकं, आणि उपयोग काय, तर आमच्यासारख्यांनी डबा खायला बसावं.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्याच्या आदल्या आठवड्यात गावच्या सिमेत्रीत गर्दी असते. गवत काढणं, माती सारखी करणं, क्रूसाला चुना, पाटीवरची अक्षरं पुन्हा रंगवणं. मच्याडोनं बोलावलं म्हणून मीही गेलो. त्याच्या वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि यंदा काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायची होती. जागा कायमची नसते. काही वर्षांनी खड्डा पुन्हा उघडावा लागतो, अस्थी भिंतीतल्या कप्प्यात जातात आणि घरातलाच पुढचा माणूस त्या जागेत येतो. किल्ल्यातल्या शिळांवर 'आणि याच्या वारसांची' असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. पाटी मात्र काढून पुन्हा बसवता येते.

पाटीवाला तरुण पोरगा होता, बॅटरीवरचं कोरायचं मशीन घेऊन आलेला. नाव, जन्म, मृत्यू कोरून झालं होतं. वर वीतभर जागा कोरी राहिली होती.

"इथं काय टाकू? क्रूस तर बाजूला आहेच. काही जण फोटो टाकतात, काही जण कबूतर."

मच्याडोनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, पण मनात आलं ते त्याच्याही मनात आलं असणार. पाच कुऱ्हाडी, तांबड्यावर चांदीच्या. मोबाइलमध्ये चित्र होतं माझ्याकडे.

मच्याडो थोडा वेळ पाटीवर हात ठेवून उभा राहिला. त्याचा बाप चाळीस वर्षं पहाटेच्या गाडीनं दादरला केळी घेऊन जायचा.

"केळीचं पान काढ," तो म्हणाला. "एकच. मोठं."

पोरानं मान डोलावली, खडूनं मधली शीर ओढली, दोन्ही बाजूंना पात्याचा काठ काढला, एका ठिकाणी वाऱ्यानं फाटलेली चीरही दाखवली. बरं काढलं होतं. मग डबी उघडून विचारलं, "कोरून झालं की रंग भरतो. सोनेरी भरू की हिरवा? सोनेरी टिकतो जास्त."

"हिरवा," मच्याडो म्हणाला. "उडाला की मी परत भरीन."